आधी शिकवणाऱ्यांनी पुढे यावे

साईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात गंगागीर महाराजांचा एक छोटा प्रसंग आहे. शिर्डीत तेव्हा साईबाबांना फारसे कोणी ओळखत नव्हते. वामन तात्या नावाचा भक्त त्यांना रोज दोन कच्चे, न भाजलेले घडे देत असे. बाबा त्या घड्यांनी विहिरीवरून पाणी वाहून आणत आणि स्वतः लावलेल्या फुलझाडांना घालत. संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवले की ते फुटून जात. दुसऱ्या दिवशी नवे घडे आणि पुन्हा तेच पाणी वाहणे. पुणतांब्याकडचे गंगागीर महाराज शिर्डीला येत-जात असत. त्यांनी बाबांना असे पाणी वाहताना पाहिले आणि गावकऱ्यांना सांगितले, की हा पुरुष सामान्य नाही, या भूमीचे भाग्य उजळले आहे. हेच गंगागीर तरुणपणी कुस्तीचे शौकीन होते, एकदा कुस्ती खेळतानाच त्यांना आतून हाक आली आणि ते संसारातून बाहेर पडले, असेही पोथी सांगते. अंग मोडून मेहनत केलेल्या माणसाने दुसऱ्याला त्याच्या मेहनतीवरून ओळखले, असे मला हा प्रसंग वाचताना नेहमी वाटते.

शिर्डी त्या काळी कोपरगाव तालुक्यातच होती. राहाता तालुका वेगळा झाला तो अलीकडे, १९९९ मध्ये. आज कोपरगावात रयत शिक्षण संस्थेचे जे जुने महाविद्यालय आहे, त्याचे पूर्ण नाव श्री सद्गुरू गंगागीर महाराज सायन्स, गौतम आर्ट्स अँड संजीवनी कॉमर्स कॉलेज. एवढे लांब नाव कोणी घेत नाही, सगळे एस.एस.जी.एम. म्हणतात. पण नाव पुरते वाचले तर तालुक्याचा सारा इतिहास त्यात सापडतो. विज्ञान शाखेला गंगागिरांचे, म्हणजे सराला बेटाच्या संताचे नाव आहे, आणि कला-वाणिज्याला जी नावे आहेत ती इथल्या सहकाराच्या परिसरात घराघरांत रुळलेली आहेत. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना संताचा वारसा प्रयोगशाळेत चालावा असे वाटले असणार. त्या इच्छेचा मान राखायचा असेल तर आज काय करावे लागेल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दरवर्षी १२ जानेवारीला स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त राष्ट्रीय युवा दिन साजरा होतो. १९८५ पासून ही प्रथा आहे. महाविद्यालयात प्रतिमापूजन होते, वक्तृत्व स्पर्धा होते, प्रमुख पाहुणे तरुणांना ध्येय ठेवायला, व्यसनापासून दूर राहायला आणि कौशल्य मिळवायला सांगतात. संतांच्या पुण्यतिथीलाही हल्ली रोजगार मेळावा किंवा कौशल्य शिबिर जोडले जाते. हेतू चांगला असतो. तरी मला त्यात एक गोष्ट उलटी वाटते. सगळा उपदेश तरुणाला केला जातो. त्याने शिकावे, त्याने बदलावे, त्याने सक्षम व्हावे. त्याला शिकवायला कोण हात देणार, कोणाच्या कारखान्यात, कोणाच्या शेतात, कोणाच्या गॅरेजमध्ये तो वर्षभर उभा राहणार, हे त्या व्यासपीठावरून क्वचितच ठरते. माझे म्हणणे असे आहे, की संताचा वारसा पहिल्यांदा वडीलधाऱ्यांवर, मालकांवर, संस्थांवर बंधन घालतो. तरुणाची पाळी त्यानंतर येते.

कोपरगावच्या माणसाला हे समजायला लांब जायची गरज नाही. गोदावरीकाठच्या बेटात शुक्राचार्यांचे आणि कचेश्वराचे देऊळ आहे, आणि कच-देवयानीची कथा इथेच घडली असे परंपरा मानते. या कथेकडे आपण प्रेमकथा म्हणून पाहतो. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकाने ती पिढ्यान्‌पिढ्या मराठी मनात रुजवली. पण महाभारतातली मूळ कथा उमेदवारीची आहे. बृहस्पतीचा मुलगा कच शत्रुपक्षाच्या, म्हणजे दानवांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला येतो. आल्याबरोबर त्याला मंत्र मिळत नाही. तो गुरूच्या गाई चारतो, फुले आणतो, घरातली कामे करतो, आणि त्यात कित्येक वर्षे जातात. दानवांना सुगावा लागतो, ते त्याला पुन्हा पुन्हा मारतात, आणि गुरू प्रत्येक वेळी त्याला परत उठवतो. शेवटी दानव त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता शिष्य जिवंत व्हायचा तर गुरूचे पोट फाडूनच बाहेर येणार. तेव्हा शुक्राचार्य आपल्या पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवतात. कच बाहेर येतो आणि शिकलेली विद्या सर्वांत आधी मेलेल्या गुरूवर वापरून त्याला उठवतो.

गुरूने शिष्यासाठी किती मोठा धोका पत्करला हे इथे पाहायला हवे. शुक्राचार्यांकडे जगात दुसऱ्या कोणाकडे नसलेली विद्या होती. ती दिली की आपले आगळेपण संपणार हे त्यांना ठाऊक होते. शिष्य परक्या पक्षातला आहे हेही ठाऊक होते. तरी त्यांनी ती दिली, आणि देताना स्वतःचा जीव त्या शिष्याच्या भरवशावर सोडला. पुढे शुक्राचार्यांची मुलगी देवयानी चिडून कचाला शाप देते, की तुझी विद्या तुला फळणार नाही. कच उत्तर देतो, की मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. विद्येचे पुढे काय व्हायचे याचा एवढा स्वच्छ विचार मला दुसऱ्या कुठल्या पुराणकथेत आढळत नाही. ज्या गावाच्या बेटात ही कथा नांदते त्या गावातल्या जाणत्या कारागिराने, इंजिनिअरने, प्रगतिशील शेतकऱ्याने आपल्या हाताखाली कोणालाच तयार न करता निवृत्त व्हावे, हे त्या स्थळाला शोभत नाही.

रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी सुरू झाली. तिचे संस्थापक भाऊराव पाटलांचे चरित्र सांगताना वसतिगृहे आणि शाळा यांचा हिशोब होतोच, पण त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून लोखंडी नांगर कसा चालतो हे समजावून सांगणारा माणूस पुढे शिक्षणात आला, म्हणून त्याच्या शिक्षणात हाताला जागा राहिली. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले आणि त्यातून ‘कमवा व शिका’ आले.

लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांशिवाय ‘कमवा व शिका’चा अर्थ लागत नाही. मुलांनी कष्ट करावेत हे सांगण्याआधी त्या घराने स्वतःजवळचे सगळे पुढे केले होते. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. विद्यार्थी रोज काही तास काम करतात आणि तासाच्या हिशोबाने मानधन घेतात. गरीब घरच्या मुलांचा त्यावर खोलीभाडे आणि मेसचा खर्च निघतो, म्हणून ती योजना मला प्रिय आहे. पण बागेतले गवत काढणे, ग्रंथालयातली पुस्तके लावणे, कार्यालयातल्या फाइली हलवणे याच्या पुढे काम सरकले नाही, तर मुलाच्या हातात पैसे पडतात, हुन्नर पडत नाही. माती-पाणी परीक्षणाचे काम विज्ञानाच्या मुलांना देता येते. गावातल्या सोसायटीचे, बचत गटांचे हिशोब वाणिज्यच्या मुलांना लिहिता येतात. यात खर्च थोडा आहे. शिक्षकाला मात्र वर्गाबाहेर पडावे लागेल.

सरकारी योजनांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांची माहिती सर्वत्र मिळते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यात प्रमोद महाजन यांच्या नावाने ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि अवजारांसाठी मदत मिळते. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, तेही सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. मुदत संपत आली तशी मुले रस्त्यावर उतरली आणि पुढचे काम मागू लागली. मला त्यांचा राग रास्त वाटतो. मुदतीपुरते त्यांना कोणी तरी आपल्या हाताखाली घेतले होते, आणि मुदत संपल्यावर त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. त्याच २०२४ मध्ये राज्यातल्या अनेक शासकीय आयटीआयना संतांची आणि थोर पुरुषांची नावे देण्यात आली. या नावांमुळे वेल्डिंगच्या वर्गातल्या मुलाला आपण कमी प्रतीचे शिक्षण घेतो आहोत असे वाटणे थोडे कमी झाले, तरी ते नामकरण फळाला आले असे म्हणेन. पण नाव लागलेल्या इमारतीत यंत्रे जुनी आणि निदेशकाची जागा रिकामी राहिली, तर त्या नावाचाच अवमान होईल.

तालुक्यातल्या पारावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात एक वाक्य हमखास ऐकू येते: आजकालच्या पोरांना काम नको. मोबाईल, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे बॅनर आणि दुचाकीवर तिघे, अशी त्यांची प्रतिमा वडीलधाऱ्यांच्या मनात पक्की बसली आहे. ज्यांना असे वाटते त्यांनी गंगागीर महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह डोळे उघडे ठेवून पाहावा. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास ही परंपरा चालत आली आहे. दरवर्षी श्रावणाच्या सुमारास तो नव्या गावी भरतो, आणि आपल्या गावाला मान मिळावा म्हणून गावे वाट पाहतात. सात दिवस भजनाचा सूर रात्रंदिवस तुटत नाही. पंचक्रोशीतल्या घराघरांत भाकरी थापल्या जातात, ट्रॅक्टर-टेम्पो भरून मंडपाकडे येतात, तिथे मोठाल्या कढयांत आमटी उकळत असते, आणि आमटी-भाकरीचा प्रसाद घ्यायला येणाऱ्याला कोणी जात-गाव विचारत नाही. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला लाखोंचा समुदाय जमतो.

हा सगळा डोलारा कोण उभा करते? मंडपाचे खांब रोवणारे, पाण्याचे टँकर वळवणारे, चिखलात वाहनतळ आखणारे, रात्रभर पंगतीत वाढणारे, तारा ओढून दिवे लावणारे हात बहुतेक विशी-पंचविशीतले असतात. त्यांना कोणी पैसे देत नाही. तेच तरुण, ज्यांना आपण आळशी म्हणतो, सात दिवस पायात चप्पल न घालता राबतात. हे कसे होते याचा विचार करावा तेवढा थोडा. तिथे काम कोणाच्या नावाने चालले आहे हे त्यांना माहीत असते. शेजारी गावातला सरपंच आणि शाळेतला मास्तर तेच काम करताना दिसतो. आपण वाढलेली भाकरी कोणाच्या ताटात पडली हे डोळ्यांपुढे असते. चूक झाली तर सुधारणारा काका बाजूलाच उभा असतो. चांगल्या उमेदवारीला लागणारे जवळजवळ सगळे काही या सप्ताहात हजर आहे. तो संपला की ते विखुरते एवढेच. लाखांच्या गर्दीचा स्वयंपाक, पाणी, वीज, वाहतूक, आरोग्य, स्वच्छता यांचे नियोजन हे शिकवण्याजोगे शास्त्र आहे. सप्ताहाच्या प्रत्येक विभागात जाणकाराच्या हाताखाली दहा-वीस मुलेमुली नेमून द्यावीत. विजेच्या कामावर आयटीआयच्या निदेशकांनी उभे राहावे, हिशोबावर वाणिज्यच्या प्राध्यापकांनी, अन्नसुरक्षेवर डॉक्टरांनी. भक्तीत यामुळे काही उणे येणार नाही. पाणी वाहणाऱ्या माणसाला पाहून ज्यांनी माथा झुकवला त्यांच्या सप्ताहात हे शोभून दिसेल.

याच कोपरगाव बेटात जनार्दन स्वामी (मौनगिरी) महाराजांची समाधी आहे. १९८९ मध्ये ते देह ठेवून गेले. ‘जय जनार्दन’ म्हणत त्यांचा भक्तगण आजही आश्रमांच्या शेतीत, बांधकामांत श्रमदान करतो. म्हणजे या तालुक्यात श्रमाला देवपण देणारी परंपरा एकट्या सराला बेटापुरती नाही. आपल्याकडे श्रमाची भक्ती भरपूर आहे. ती पोटापाण्याच्या विद्येत उतरवणारी व्यवस्था मात्र अपुरी आहे.

विवेकानंदांच्या बाबतीत ही व्यवस्था त्यांच्या हयातीतच उभी राहिली. १८९७ मध्ये रामकृष्ण मिशन स्थापन झाले, आणि त्याच सुमारास त्यांचे गुरुबंधू स्वामी अखंडानंद बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांत काम करत होते. तिथे त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला आणि मुलांना अक्षरांबरोबर विणकाम, शिवणकाम, सुतारकाम, रेशीम किड्यांची जोपासना शिकवली. संन्याशाने करवत आणि हातमाग हातात घ्यावा यात त्या मंडळींना काही विसंगत वाटले नाही. १२ जानेवारीच्या भाषणांत शिकागोचे नाव दहादा येते. मुर्शिदाबादच्या त्या आश्रमाचे नाव एकदा तरी यावे.

आता एक आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. कौशल्य विकास म्हणजे गरिबाच्या मुलाला पाना-पक्कड आणि सुखवस्तू घरच्या मुलाला पुण्यात संगणक अभियांत्रिकी, असे होणार असेल तर तो वारसा कोणाचा? आपल्या देशात हुन्नर जातीला बांधलेला होता. बापाचा धंदा मुलाने करायचा, यातून पिढ्या चिरडल्या गेल्या. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. ती जातीचे शिक्षण आहे म्हणून लोक पेटून उठले, आणि १९५४ मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. ज्यांनी विरोध केला ते बरोबर होते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच बजावले होते, की जातिव्यवस्था श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते. संतांच्या नावाने चालणाऱ्या कौशल्य वर्गाला हा इशारा विसरता येणार नाही. कुंभाराच्या घरात जन्मलेल्या गोरोबांचे नाव घेऊन आज कुंभाराच्या मुलाला चाकावर बसवणे हा गोरोबांचा वारसा नाही.

याचे उत्तरही आपल्या मातीत आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात खेड्यातल्या प्राथमिक शाळांत शेतीची व्यावहारिक माहिती असावी असे मागितले, आणि त्याच निवेदनात शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शिक्षणाची दारे पूर्ण उघडावीत अशीही मागणी केली. या दोन मागण्या त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत. भाऊरावांच्या बोर्डिंगातला मुलगा शेतात राबला तो शेतमजूर राहण्यासाठी नाही. तो पदवीपर्यंत, त्याच्या पुढेही पोचावा म्हणून राबला. तेव्हा कसोटी सोपी आहे. हुन्नर शिकलेल्या मुलापुढे पुढच्या शिक्षणाचा रस्ता उघडा आहे का, आणि त्याच वर्गात कारखान्याच्या संचालकाची मुलगी हातात मल्टिमीटर घेऊन बसली आहे का? दोन्हीची उत्तरे होय असतील तरच ते सक्षमीकरण. नाही तर जुनेच बंधन नव्या गणवेशात आले, असे म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप भाविकांकडून येतो. संतांनी वैराग्य शिकवले, तुम्ही त्यांच्या नावाने नोकऱ्या मागता. यावर मी एवढेच म्हणेन, की वैराग्य स्वतःच्या पोटापुरते असते. दुसऱ्याच्या भुकेबाबत वैराग्य धरलेला संत महाराष्ट्राने पाहिला नाही. गाडगे महाराजांच्या अंगावर चिंध्या होत्या, आणि त्यांच्या कष्टातून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभी राहिली. रयतने कराडच्या महाविद्यालयाला १९५४ मध्ये त्यांचेच नाव दिले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाचे उद्योग, शेती, शिक्षण यांवर जागोजाग लिहिले. तिसरीही एक शंका येते, की संताचे नाव आले की एका पंथाची, एका धर्माची मुले आत आणि बाकीची बाहेर, असे होईल. ती शंका खरी ठरू द्यायची नसेल तर दार कोणासाठी बंद नाही हे पहिल्या दिवसापासून दिसले पाहिजे. साईबाबा द्वारकामाई म्हटलेल्या मशिदीत राहत. गंगागिरांनी ज्याला ओळखले त्याचा धर्म कोणता हे लोकांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. एवढे उदाहरण कोपरगावला पुरावे.

मग करायचे काय? कोपरगावकडे आज कामाची ठिकाणे भरपूर आहेत. कोळपेवाडीचा आणि सहजानंदनगरचा असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत, साकरवाडीला सोमय्यांनी उभारलेला जुना उद्योग आहे, संजीवनीच्या संस्थांत १९८३ पासून अभियांत्रिकी शिक्षण चालते. काकडीला २०१७ मध्ये विमानतळ सुरू झाला. समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो आणि जून २०२५ पासून मुंबईपर्यंत पुरा खुला झाला आहे. रेल्वे आहे, गोदावरीचे दोन्ही कालवे आहेत. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये, शाळा आणि आयटीआय आहे; बाबांच्या पाणी वाहण्याचा मान संस्थानने आयटीआय चालवून राखला, याचे कौतुक करायला हवे. असे असूनही इथली मुले चाकणला, वाळूजला, सिन्नरला कंत्राटदाराकडे बारा-बारा तासांच्या पाळीत जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी तसेच परत येतात. तिथे एका यंत्रावर एकच बटण दाबून आलेला मुलगा गावात काही दुरुस्त करू शकत नाही.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्या मदतीला आहे. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, जास्तीत जास्त पंधरा टक्के घेता येतात, असे त्याचे नियम सांगतात. या तालुक्याने अडीच टक्क्यांवर न थांबता पंधरा टक्क्यांचा संकल्प करावा, आणि तो गंगागीर महाराजांच्या नावाने करावा. साखर कारखान्यात शिकायची खरी वेळ गळीत हंगाम संपल्यावर येते. तेव्हा मिल उघडतात, टर्बाइनची दुरुस्ती होते, बॉयलरच्या नळ्या बदलतात. जुन्या फिटरच्या हाताखाली दोन ऑफ-सीझन काढलेला मुलगा कुठल्याही कारखान्यात उभा राहू शकतो. आजच्या कारखान्यात वीजनिर्मिती आहे, इथेनॉल आहे, प्रयोगशाळा आहे. रसायनशास्त्राच्या मुलींना तिथे काम शिकता येते. जुने फिटर, पॅनमन आता निवृत्त होत आहेत. कित्येक वर्षे रसाच्या उकळीकडे पाहून दाणा कधी पडतो हे ज्यांना डोळ्यांनी कळते, त्यांचे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. त्यांना निरोपाचा नारळ देण्याआधी प्रत्येकाच्या हाताखाली दोन मुले तयार व्हावीत आणि त्या शिकवण्याचा मोबदला त्यांना मिळावा.

कालव्याचे पाणी पूर्वीइतके येत नाही. जायकवाडी धरणाच्या पाणीवाटपापासून हा वाद चालू आहे आणि तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर ठिबक, पंप, सौरपंप, मोजून पाणी देणे यांची दुरुस्ती-देखभाल जाणणारे किमान दोघे गावागावात असायला हवेत. ऊस तोडणीला हार्वेस्टर येऊ लागले आहेत. हार्वेस्टर चालवणारा आणि दुरुस्त करणारा तयार करताना मला सर्वांत आधी कोयत्यावर येणारी टोळी आठवते. बीडकडून, पाथर्डीकडून दर हंगामात कुटुंबे येतात, आपल्या उसावर राबतात, आणि त्यांची मुले फडाच्या कडेला वाढतात. यंत्र त्यांचे काम घेणार आहे. त्या यंत्रावर पहिला हक्क त्यांच्या मुलांचा आहे. ती आपल्या तालुक्यातली नाहीत, असे कोणी म्हणेल. पण परक्या पक्षातून आलेल्या कचाला जिथे विद्या मिळाली असे आपण सांगतो, तिथे ही अडचण व्हायला नको.

मुलींचा विचार मी शेवटी करतो, पण तो मला कमी महत्त्वाचा वाटत नाही. सप्ताहाला येणारी प्रत्येक भाकरी बाईच्या हाताची असते आणि पंगतीच्या हिशोबात तिचे नाव कुठे नसते. बारावीनंतर मुलीला एकटीने बाहेरगावी धाडायला आजही अनेक घरे तयार नसतात, आणि लग्न पुढे उभे असते. तिच्यासाठी उमेदवारी गावाजवळ, एस.टी.च्या वेळेत बसणारी आणि विश्वासाच्या संस्थेत असली पाहिजे. अन्नप्रक्रिया तिला जरूर शिकवा, पण तेवढ्यावर तिला थांबवू नका. वीज, प्रयोगशाळा, हिशोब, ड्रोनची फवारणी, रुग्णालयातली यंत्रे, सगळीकडे तिला जागा द्या. घरच्यांचे मन वळवण्याचे काम गावातले कीर्तनकार इतर कोणापेक्षा चांगले करू शकतात. त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि ते वजन इथे खर्च व्हावे अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

हे सगळे होते आहे की नाही हे कसे कळणार? कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. अहवालात गाळप किती, उतारा किती, भाव किती हे छापलेले असते आणि सभासद त्यावर तावातावाने बोलतात. त्याच अहवालात आणखी काही ओळी छापाव्यात: या वर्षी किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यांत मुली किती, ऊसतोडणी कामगारांची मुले किती, किती जणांनी शिक्षण पुढे चालू ठेवले, कोणकोणत्या कामगारांनी त्यांना शिकवले. रयतच्या महाविद्यालयाने, आयटीआयने, संस्थानाने, सप्ताह समितीनेही आपापल्या अहवालात तसेच करावे. शिकवणाऱ्यांची नावे पूर्ण छापावीत, गावासकट. आणि सभासदांनी उसाच्या भावावर जितक्या जोराने प्रश्न विचारले, तितक्याच जोराने या आकड्यांवरही विचारावेत.